इलेक्ट्रॉनव्होल्टची पट्टी असलेला स्पेक्ट्रोस्कोप : घ्यावा की नाही?

शाळा-महाविद्यालयांना प्रयोगसाहित्य पुरवणाऱ्या दुकानांत काळ्या प्लास्टिकचा एक त्रिकोणी स्पेक्ट्रोस्कोप मिळतो. त्याच्या निमुळत्या टोकाला डोळा लावायचा, रुंद बाजूची उभी फट दिव्याकडे रोखायची आणि फटीच्या शेजारी आत बसवलेल्या पट्टीवर त्या दिव्याचा वर्णपट उमटलेला पाहायचा, एवढेच त्याचे काम. तो वजनाला हलका आहे आणि त्याला बॅटरी लागत नाही. किंमत दीड-दोन हजारांच्या घरात असल्यामुळे केवळ खेळणे म्हणून तो कोणी सहज घेईल असे नाही, आणि प्रयोगशाळेत टेबलावर मांडलेल्या वर्णपटमापीशी त्याची बरोबरी होणेही शक्य नाही. मग तो कोणी आणि कशासाठी घ्यावा, हा प्रश्न उरतोच. माझ्या मते त्याचे उत्तर त्या आतल्या पट्टीत आहे. स्वस्त स्पेक्ट्रोस्कोपांत एक तर पट्टीच नसते, किंवा असली तर केवळ नॅनोमीटरची असते. याच्या पट्टीवर मात्र दोन ओळी छापलेल्या आहेत, वरची तरंगलांबीची आणि खालची ऊर्जेची, म्हणजे इलेक्ट्रॉनव्होल्टची (एक व्होल्टचा फरक ओलांडताना इलेक्ट्रॉनला मिळणारी ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉनव्होल्ट). या दुसऱ्या ओळीमुळेच या वस्तूचे परीक्षण लिहावेसे वाटले.

दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर असते, हे शाळा संपेपर्यंत बहुतेकांच्या कानावरून गेलेले असते. त्या प्रकाशाच्या एका फोटॉनची, म्हणजे एका प्रकाशकणाची, ऊर्जा किती, हे मात्र बारावीच्या उदाहरणांत काढले जाते आणि परीक्षेनंतर विसरले जाते. काढतानाही प्लांकचा स्थिरांक, प्रकाशाचा वेग, ऋण घातांक आणि शेवटी ज्यूलचे इलेक्ट्रॉनव्होल्ट करण्याचा भागाकार यांत विद्यार्थी इतका गुंतून जातो की आलेले उत्तर कशाचे आहे याकडे त्याचे लक्षच राहत नाही. खरे तर ही सगळी आकडेमोड एकाच भागाकारात मावते. १२४० या संख्येला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागले की फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये मिळते. त्या हिशेबाने ७०० नॅनोमीटरच्या गडद लाल प्रकाशाखाली १.७७ आणि ४०० नॅनोमीटरच्या जांभळ्या प्रकाशाखाली ३.१ हे आकडे येतात, आणि पट्टीवर ते तसेच आलेले आहेत.

पट्टी नीट पाहिली की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. वरच्या ओळीतल्या नॅनोमीटरच्या खुणा जवळजवळ समान अंतरावर आहेत, तर खालच्या ओळीतल्या खुणा लाल बाजूला ऐसपैस आणि जांभळ्या बाजूला दाटीवाटीने बसलेल्या आहेत. २.० पासून २.१ पर्यंत जायला सुमारे ३० नॅनोमीटरची जागा लागते, ३.० पासून ३.१ पर्यंत जायला जेमतेम १३. ऊर्जा आणि तरंगलांबी यांचे प्रमाण व्यस्त आहे हे वाक्य विद्यार्थी पाठ करतो, पण त्या व्यस्तपणाचा आकार कसा असतो हे त्याला पाहायला मिळत नाही. इथे तो डोळ्यासमोर असतो, आणि वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

बांधणीबद्दल थोडक्यात सांगतो. डोळ्याकडच्या टोकाला, मिलिमीटरला ५०० रेघा असलेल्या ग्रेटिंगचे (प्रकाशातले रंग वेगळे करणाऱ्या बारीक समांतर रेघांचे) पारदर्शक पटल एका गोल चकतीत बसवलेले आहे. या ग्रेटिंगमुळे सोडियमचा पिवळा प्रकाश सुमारे १७ अंशांनी वळतो, आणि खोक्याचा त्रिकोणी आकार त्या कोनांच्या हिशेबानेच ठरवलेला आहे. फटीची रुंदी कमी-जास्त करता येत नाही, ही मोठी उणीव आहे; तिच्याकडे पुढे येतो. चकती घट्ट नसून हाताने किंचित सरकवता येते, आणि ते आवश्यकही आहे, कारण माझ्या हाती आलेल्या नगात सुरुवातीला सगळे आकडे लाल बाजूला सहा-सात नॅनोमीटरने सरकलेले होते. सोबतच्या पुस्तिकेत याविषयी अवाक्षर नाही. ज्याला ट्यूबलाइटच्या रेषा कुठे यायला हव्यात हे ठाऊक नाही, तो चुकीचे आकडे खरे मानून बसेल.

पट्टी जुळवण्याचा सोपा उपाय जुन्या पद्धतीच्या ट्यूबलाइटमध्ये किंवा सीएफएलमध्ये आहे. या दोन्ही दिव्यांत पाऱ्याची वाफ असते. पाऱ्याची हिरवी रेषा ५४६ नॅनोमीटरवर, म्हणजे २.२७ इलेक्ट्रॉनव्होल्टवर, आणि निळी-जांभळी रेषा ४३६ नॅनोमीटरवर, म्हणजे २.८४ इलेक्ट्रॉनव्होल्टवर येते. चकती हळूहळू सरकवून या दोन रेषा आपापल्या जागी आणल्या की मधले सगळे आकडे आपोआप सुधारतात. एलईडी बल्बचा या कामी काही उपयोग नाही, कारण त्याच्या वर्णपटात धरून ठेवण्याजोगी बारीक रेषाच नसते. घराघरांतून सीएफएल हद्दपार होत असल्यामुळे जिन्यात किंवा अडगळीत एखादा चालू स्थितीतला उरला असेल, तर तो या कामासाठी राखून ठेवावा असे सुचवतो.

आता प्रत्यक्ष निरीक्षणांकडे येऊ, कारण उपकरणाची खरी पारख तिथेच होते. सीएफएलमध्ये पाऱ्याच्या रेषांखेरीज ६११ नॅनोमीटरच्या आसपास एक ठळक नारिंगी-लाल पट्टा दिसतो. तो पाऱ्याचा नसून नळीच्या आतल्या पांढऱ्या लेपातल्या युरोपियमचा असतो. पाऱ्याच्या वाफेतून निघणारा मुख्य प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही. तो २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश असतो आणि त्याच्या प्रत्येक फोटॉनची ऊर्जा ४.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. लेप तो गिळतो आणि २ ते २.८ इलेक्ट्रॉनव्होल्टचे फोटॉन बाहेर टाकतो. उरलेली ऊर्जा उष्णतेत जाते. नळीची काच तो अतिनील प्रकाश बाहेर येऊ देत नाही. हा सगळा व्यवहार खालच्या ओळीवरचे आकडे वाचत समजून घेता येतो, आणि नॅनोमीटरच्या ओळीवर तो इतका सरळ उलगडत नाही, कारण तिथे मोठ्या आकड्याचा अर्थ कमी ऊर्जा असा उलटा घ्यावा लागतो.

पांढऱ्या एलईडी बल्बचा वर्णपट याच्या अगदी उलट, म्हणजे सलग असतो. ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्या रंगाचा एक भरीव उंचवटा, त्यानंतर ४८०च्या जवळ एक अंधुक खळगा आणि पुढे हिरव्यापासून लालपर्यंत पसरलेला पिवळसर पट्टा असे त्याचे रूप दिसते. यातला निळा प्रकाश प्रत्यक्ष डायोडचा आणि उरलेला सगळा त्यावरच्या पिवळ्या लेपाचा असतो. निळ्याचे आकडे खालच्या ओळीवर २.७५च्या आसपास येतात. निळा सुटा एलईडी पेटवायला पावणेतीन-तीन व्होल्ट लागतात आणि लाल एलईडी पावणेदोन-दोन व्होल्टमध्येच पेटतो, हे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला मुलगाही सांगतो. तेच आकडे पट्टीवर निळ्या आणि लाल रंगाखाली वाचायला मिळाले की इलेक्ट्रॉनव्होल्ट या एककात व्होल्ट का आहे याचा उलगडा होतो. २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना निळ्या एलईडीसाठी मिळाले. लाल आणि हिरवे एलईडी कितीतरी आधीपासून असताना निळ्याला एवढा उशीर का लागला, या प्रश्नाचा एक धागा याच आकड्यांत आहे, कारण त्यासाठी इतक्या रुंद ऊर्जाफटीचा, म्हणजे इलेक्ट्रॉनला इतकी मोठी उडी घ्यायला लावणारा, अर्धवाहक निर्दोष स्वरूपात वाढवावा लागणार होता.

सर्वांत रंजक निरीक्षण मात्र सोडियमच्या दिव्याचे आहे. रस्त्यांवरचे केशरी दिवे आता बहुतेक ठिकाणी गेले आणि त्यांच्या जागी एलईडी आले. तरीही एखाद्या जुन्या कारखान्याच्या किंवा वसाहतीच्या फाटकाशी एखादा सापडतो. सोडियमचा म्हणून तिथे ५८९ नॅनोमीटरवर झगझगीत पिवळी रेषा दिसेल अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात त्या जागी काळी फट दिसते आणि तिच्या दोन्ही बाजूंना पिवळा-केशरी प्रकाश पसरलेला असतो. हा उच्च दाबाचा दिवा आहे. आतल्या तापलेल्या वाफेतून निघालेला २.१ इलेक्ट्रॉनव्होल्टचा फोटॉन बाहेरच्या कडेच्या थोड्या थंड सोडियममधून जाताना नेमका गिळला जातो, कारण त्या अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या दोन ऊर्जापातळ्यांमधले अंतरही तेवढेच असते. अणू ज्या ऊर्जेचा प्रकाश देतो त्याच ऊर्जेचा प्रकाश घेतो, हे किर्चहॉफने १८५९ साली मांडलेले तत्त्व एका फाटकाजवळच्या खांबाखाली उभे राहून पाहता येते. विद्यार्थ्यांना हे दाखवायचे असेल तर उरलेसुरले दिवे बदलण्याच्या आत दाखवावे.

स्वयंपाकघरातला गॅसही वाया जात नाही. दिवे मालवून निळ्या ज्योतीकडे फट रोखली तर सलग निळा रंग दिसत नाही. ५१६ नॅनोमीटरला कड असलेला एक हिरवा पट्टा, ४७४च्या जवळचा निळा आणि ४३१च्या आसपासचा जांभळा, असे सुटे तुकडे दिसतात. पहिले दोन कार्बनच्या जोड-अणूंचे आणि तिसरा कार्बन-हायड्रोजनच्या जोडीचा. ज्योतीवर मिठाच्या पाण्याचे दोन थेंब शिंपडले की ५८९वर पिवळी रेषा क्षणभर लखकन उजळते. तिथे फट नाही, सरळ तेजस्वी रेषा. सोडियमच्या या रेषेत वस्तुतः दोन रेषा आहेत, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या, पण त्या वेगळ्या दाखवण्याची या उपकरणाची ताकद नाही. त्याची मर्यादा चार-पाच नॅनोमीटरच्या आसपास आहे, असे माझ्या निरीक्षणांवरून दिसते.

या मर्यादेचा अर्थ किती मोठा आहे, ते हेलियमच्या गोष्टीवरून कळते. १८ ऑगस्ट १८६८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन याने गुंटूर येथून सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, तसाच वर्णपट पाहिला. त्यातली पिवळी रेषा ५८७.६ नॅनोमीटरची होती. सोडियमपासून अवघ्या दीड-दोन नॅनोमीटरवर, पण सोडियमची नव्हे. तिच्यातूनच हेलियम हे नाव पुढे आले. आपल्या हातातल्या या पट्टीवर दोन्ही रेषा २.१च्या खुणेशी एकमेकींत मिसळून गेल्या असत्या आणि नवीन मूलद्रव्याची शंकाही कोणाला आली नसती. जाता जाता एक खुलासा करतो. हा शोध लॉकियरने १८६८ साली विजयदुर्ग किल्ल्यावरून लावला असे आपल्याकडे वारंवार छापले जाते. लॉकियर विजयदुर्गला आला होता हे खरे, पण ते जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी, आणि तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅमसेला पृथ्वीवरही हेलियम सापडून तीन वर्षे होत आली होती. किल्ल्याचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. फक्त तारीख आणि प्रसंग बरोबर सांगावा.

सूर्यप्रकाश पाहताना एक पथ्य कसोशीने पाळावे लागते. फट सूर्यावर कधीही रोखायची नाही. सूर्यापासून दूरच्या उजळ आकाशाकडे किंवा उन्हातल्या पांढऱ्या ढगाकडे रोखायची. पुस्तिकेत हा इशारा आहे, पण शेवटच्या पानावर आणि बारीक अक्षरांत, हे अक्षम्य आहे. तो खोक्यावरच छापायला हवा होता. लेसर पॉइंटरचेही तसेच. त्याचा झोत फटीत न सोडता पांढऱ्या कागदावर पाडून तो ठिपका पाहावा.

आकाशाच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा, म्हणजे सूर्याच्या बाहेरच्या थरातल्या अणूंनी गिळलेल्या प्रकाशाच्या जागा, या उपकरणातून दिसतात, पण सहजासहजी नाही. मूळ फट रुंद असल्यामुळे त्या पुसून जातात. दाढीच्या ब्लेडचे दोन तुकडे चिकटपट्टीने फटीवर समोरासमोर लावून ती अरुंद केली की ५१७च्या आसपासची मॅग्नेशियमची आणि ४८६ची हायड्रोजनची रेषा पुसटशी पण खात्रीने दिसते. डोळा सरावला की लाल टोकाकडची ६५६ही सापडते. दुकानदाराने पैसे घेऊन दिलेल्या वस्तूला ग्राहकाने ब्लेड लावावे लागते, हे काही कौतुकाचे नाही. फट कमी-जास्त करणारा साधा स्क्रू दिला असता तर किंमत शे-दोनशे रुपयांनी वाढूनही उपकरण दुपटीने उपयोगी झाले असते.

पण एकदा का या रेषा दिसल्या की खालची ओळ आपले खरे काम करू लागते. ६५६ नॅनोमीटरच्या खाली १.८९ आणि ४८६च्या खाली २.५५ हे आकडे येतात. बोरने १९१३ साली हायड्रोजनच्या अणूसाठी ज्या पातळ्या काढल्या, त्या उणे १३.६, उणे ३.४, उणे १.५१, उणे ०.८५ इलेक्ट्रॉनव्होल्ट अशा चढत जातात. तिसरीतून दुसरी वजा केली की १.८९, चौथीतून दुसरी वजा केली की २.५५. पाठ्यपुस्तकात आडव्या रेघांच्या शिडीसारखी काढलेली आकृती आणि आकाशातली एक काळी रेषा या दोहोंत एवढेच अंतर उरते की मध्ये एक वजाबाकी करावी लागते. तरंगलांबीच्या भाषेत हेच सांगायचे म्हटले तर व्यस्तांकांची बेरीज-वजाबाकी आणि रिडबर्गचा स्थिरांक आणावा लागतो. ऊर्जेच्या भाषेत चौथीतल्या मुलालाही करता येईल असे गणित पुरते. या एका गोष्टीसाठी मी कनिष्ठ महाविद्यालयांना हे उपकरण घ्या असे सांगेन.

उपकरणासोबत एक रंगीत तक्ता येतो, आणि त्याच्याविषयी मात्र चांगले बोलवत नाही. त्यावर रेडिओ लहरींपासून गॅमा किरणांपर्यंतचा संपूर्ण विद्युतचुंबकीय वर्णपट छापलेला आहे. मधला सप्तरंगी पट्टा तक्त्याची तिसरा हिस्सा रुंदी व्यापून बसला आहे, आणि कोणत्याही विभागाखाली ऊर्जेचा एकही आकडा नाही. फक्त डावीकडे ‘कमी ऊर्जा’ आणि उजवीकडे ‘जास्त ऊर्जा’ असे बाण आहेत. आता प्रत्यक्ष आकडे पाहा. आकाशवाणी पुणे केंद्राच्या ७९२ किलोहर्ट्झच्या लहरीतल्या एका फोटॉनची ऊर्जा एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्या अब्जांश भागाच्या साधारण तिप्पट आहे. कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या दोन गॅमा किरणांपैकी जास्त ऊर्जेचा १३ लाख ३० हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचा आहे. या दोहोंमधले प्रमाण चारावर चौदा शून्ये इतके आहे. वारंवारता दुप्पट झाली की स्वर एक सप्तक वर जातो, तो हिशेब इथे लावला तर या दोन टोकांत ४८ सप्तके मावतात, आणि आपले डोळे त्यांतले एकही पुरते ऐकत नाहीत, म्हणजे पाहत नाहीत. तक्ता छापणाऱ्याने ही सारी भव्यता सप्तरंगी रिबिनीखाली दडपून टाकली आहे.

तरीही तक्ता बाजूला ठेवून १२४०चा भागाकार घेऊन पट्टीच्या दोन्ही टोकांपलीकडे जाता येते, आणि तसे जावेच. टीव्हीच्या रिमोटमधला अवरक्त एलईडी साधारण ९४० नॅनोमीटरचा, म्हणजे १.३ इलेक्ट्रॉनव्होल्टचा असतो. तो मोबाइलच्या कॅमेऱ्यात मिणमिणताना दिसतो, स्पेक्ट्रोस्कोपातून डोळ्यांना नाही. आपल्या अंगातून सतत बाहेर पडणाऱ्या उष्णतेची तरंगलांबी १० हजार नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे ऊर्जा ०.१२ इलेक्ट्रॉनव्होल्ट. आणि मोबाइलच्या १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीत प्रत्येक फोटॉनपाशी एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्या दशलक्षांश भागांपैकी जेमतेम सात भाग असतात. पट्टीवरच्या सर्वांत मंद लाल फोटॉनपेक्षाही तो सुमारे दोन लाख चाळीस हजार पटींनी दुबळा आहे. ‘रेडिएशन’ या एका शब्दाखाली मोबाइल, सूर्याचे ऊन आणि क्ष-किरण यांना एकाच पंगतीत बसवून मोबाइलच्या पाठीवर चिकटवायच्या चकत्या विकणाऱ्यांसमोर हा एक आकडा ठेवावा. रेणूतला बंध तोडायला तीन-चार इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि अणूतून इलेक्ट्रॉन उपटायला दहाच्या आसपास किंवा अधिक लागतात, आणि ते एकाच फोटॉनने आणावे लागतात. हजारो दुबळ्यांनी वर्गणी काढून भागत नाही. मोबाइलच्या लहरींनी ऊती किंचित तापू शकते, आणि म्हणूनच आपल्याकडे तिच्यावरची मर्यादा किलोमागे १.६ वॅट अशी तापण्याच्या भाषेत घातलेली आहे.

मायक्रोवेव्ह ओव्हनचेही असेच आहे. त्याच्या २.४५ गिगाहर्ट्झच्या फोटॉनची ऊर्जा दशलक्षांश इलेक्ट्रॉनव्होल्टच्या दहापट, म्हणजे खोलीतल्या हवेच्या रेणूंच्या सहज हालचालीतल्या ऊर्जेच्या अडीच हजाराव्या भागाइतकीही भरत नाही. अन्न तापते ते अशा फोटॉनांच्या अफाट संख्येमुळे आणि पाण्याचे रेणू त्या बदलत्या क्षेत्राबरोबर वळत राहिल्यामुळे. ही वारंवारता पाण्याच्या रेणूच्या एखाद्या पातळीशी जुळवलेली असते, ही समजूत शिक्षकांमध्येही आढळते. ती चुकीची आहे.

दुसऱ्या टोकाचे आपल्या घरचे उदाहरण म्हणजे लासलगाव. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या ‘कृषक’ केंद्रात कोबाल्ट-६० चे गॅमा किरण वापरून कांद्याला कोंब येणे थांबवले जाते, आणि २००७ सालापासून अमेरिकेला जाणारा आंबाही तिथून पुढे गेला आहे. ११.७ आणि १३.३ लाख इलेक्ट्रॉनव्होल्टचे हे फोटॉन पेशीतले रेणू मोडतात, पण अन्नातल्या अणूंच्या केंद्रकांतून न्यूट्रॉन बाहेर काढायला ती ऊर्जा पुरत नाही. म्हणून कांदा किरणोत्सारी होत नाही. ऊर्जेचा आकडा माहीत असला की भीती कुठे योग्य आणि कुठे अनाठायी, हे असे नेमकेपणाने सांगता येते. आणि एकाच मूलद्रव्याची दोन टोके पाहायची असतील तर नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीचा विचार करावा. तिथल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या ज्या लहरी टिपतात, त्यांत हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची लहरही आहे. आकाशात ६५६ नॅनोमीटरवर दिसलेल्या १.८९ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या रेषेचा मालक तोच हायड्रोजन. फक्त इथे इलेक्ट्रॉन पातळी बदलत नाही, त्याची फिरकी प्रोटॉनच्या तुलनेत उलटी होते, आणि मिळणारी ऊर्जा सव्वातीन लाख पटींनी कमी असते.

घरी करता येण्याजोगा आणखी एक प्रयोग पुस्तिकेत नाही, पण असायला हवा होता. नोटा तपासण्याचा अतिनील टॉर्च घ्यावा, चिमूटभर हळद सॅनिटायझरमध्ये ढवळून त्यावर तो धरावा. द्रावण पोपटी उजेडाने चमकते. पालकाची पाने सॅनिटायझरमध्ये कुस्करून गाळलेल्या हिरव्या पाण्यावर तोच टॉर्च धरला तर ते रक्तासारखे लाल दिसते, आणि स्पेक्ट्रोस्कोपात तो लाल पट्टा ६८०च्या आसपास, म्हणजे १.८ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या खुणेजवळ सापडतो. आत गेला तो तीनपेक्षा जास्त इलेक्ट्रॉनव्होल्टचा फोटॉन, बाहेर आला तो १.८चा, बाहेर येणारा नेहमी हलका असतो, हे दोन्ही द्रावणांत पडताळता येते. टॉर्च डोळ्यांत जाऊ देऊ नये, एवढी काळजी पुरे.

तक्रारींमध्ये अजून दोन राहिल्या. पट्टीवर बाहेरून पडणाऱ्या उजेडामुळेच तिचे आकडे दिसतात. त्यामुळे अंधारात, म्हणजे नेमके ज्योत किंवा रस्त्यावरचा दिवा पाहताना, रेषा दिसते पण आकडा दिसत नाही. पट्टीच्या पाठीमागून मंद टॉर्च धरायला दुसरा माणूस लागतो. चष्मा असलेल्यांना डोळा चकतीच्या पुरेसा जवळ नेता येत नाही आणि मान हलली की रेषा पट्टीवर सरकल्याचा भास होतो. यावर मोबाइलचा कॅमेरा चकतीला टेकवून छायाचित्र काढणे हाच मार्ग, मात्र कॅमेऱ्याने दाखवलेल्या रंगछटांवर विश्वास ठेवू नये, फक्त जागांवर ठेवावा.

जुन्या डीव्हीडीचा तुकडा आणि पुठ्ठ्याचे खोके यांपासून फुकटात स्पेक्ट्रोस्कोप बनवता येतो, आणि आठवी-नववीच्या वर्गाला तोच करायला द्यावा. इंद्रधनुष्य दाखवायला दोन हजार रुपये घालवू नयेत. वर्गातल्या प्रत्येकाच्या हाती एकेक देण्यासाठीही हे उपकरण महाग आहे. बारावीच्या प्रयोगशाळेत चार-पाच नग, एक चालू सीएफएल आणि भिंतीवर कंपनीचा तक्ता न लावता शिक्षकांनी स्वतः ऊर्जेचे आकडे घालून काढलेला तक्ता, एवढी सोय झाली तर पैसे वसूल होतील. घेताना दुकानातच ट्यूबलाइटकडे रोखून हिरवी रेषा ५४६वर आणता येते का, हे पाहून घ्यावे. चकती सरकत नसेल तर दुसरा नग मागावा. ग्रेटिंगच्या पटलाला बोट लागू देऊ नये, कारण त्यावर बसलेला तेलकट ठसा फडक्याने पुसला की त्या रेघाही त्याबरोबर खराब होतात, आणि सुटे पटल मात्र अद्याप कोणी विकायला ठेवलेले मला दिसलेले नाही.